खुबा नवा, चाल जुनी

आईच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले होते. टाके कधीच निघाले होते, रात्रीची झोप परत आली होती आणि भेटायला येणारा प्रत्येक जण "छान चालता हो तुम्ही आता" असं म्हणून जात होता. मी शेजारच्या खोलीत असलो की तिचं चालणं नुसतं ऐकायचो. टप-टाप. मध्ये जरा थांबा. पुन्हा टप-टाप. ऑपरेशनचा पाय टेकला रे टेकला की दुसरा पाय धावत त्याच्या मदतीला यायचा आणि मग त्या चांगल्या पायावर अंमळ विसावा. डोळ्यांना छान दिसणारी चाल कानांना लंगडीच ऐकू येत होती.

"दुखत तर काहीच नाही, सांधा नवाकोरा आहे, मग मी लंगडते कशाला?" हा तिचा प्रश्न. खुबा बदललेल्या माणसांच्या घरी तो कधी ना कधी निघतोच, आणि उत्तर बहुधा "होईल हळूहळू" एवढंच मिळतं. होतं हळूहळू, हे खरं. पण आपोआप होत नाही.

बदललं काय, राहिलं काय

खुबा म्हणजे चेंडू आणि वाटी. मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं आणि ते कमरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत फिरतं. दोन्हींवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. तो झिजला की हाडावर हाड घासतं आणि दुखणं सुरू होतं. ऑपरेशनमध्ये झिजलेला चेंडू काढून टाकतात, मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवतात, त्याच्या टोकावर धातूचा किंवा सिरॅमिकचा चेंडू येतो आणि कमरेच्या हाडात नवी वाटी, आतून बहुधा प्लॅस्टिकचं टणक अस्तर लावलेली. हे ऑपरेशन आजच्या रूपात आणण्याचं श्रेय इंग्लंडमधल्या राइटिंग्टन हॉस्पिटलातले सर्जन जॉन चार्नली यांना देतात. १९६२ पासून त्यांनी ते ज्या पद्धतीने केलं, तिचा पाया आजही तोच आहे.

बदललं ते एवढंच. सांध्याभोवतीचे स्नायू तेच, त्यांना हुकूम देणारा मेंदू तोच. दुखऱ्या खुब्याचा माणूस ऑपरेशनपर्यंत पोचतो तो अनेकदा काही वर्षं दुखणं काढून. तेवढा काळ त्याने त्या पायावर कमीत कमी वजन टाकलेलं असतं, पाऊल आखूड केलेलं असतं, बसताना आणि उठताना दुसऱ्या पायाचा आधार घेतलेला असतो. स्नायू न वापरल्याने वाळतात आणि मेंदू त्या चोरट्या चालीलाच चाल समजू लागतो. त्यात ऑपरेशन करताना सर्जनला आत जायला वाट करावी लागते, म्हणजे काही स्नायू बाजूला सारावे, काही कापून पुन्हा शिवावे लागतात. दाराची कुरकुरणारी बिजागरी बदलली तरी दार ओढणारा हात जुनाच असावा, तसं काहीसं.

एका पायावरचं गणित

लंगडणं समजून घ्यायचं तर आधी सरळ चालणं समजायला हवं. आपण म्हणतो माणूस दोन पायांवर चालतो. खरं तर तो बराच वेळ एकाच पायावर असतो. एका पावलापासून त्याच पायाच्या पुढच्या पावलापर्यंतचा वेळ घेतला तर त्यातला साधारण ६० टक्के वेळ तो पाय जमिनीवर असतो आणि ४० टक्के वेळ हवेत. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचे क्षण त्यातले जेमतेम २० टक्के. बाकी सगळा वेळ एक पाय सगळं अंग तोलून धरतो.

आता एक प्रयोग करा. ऑपरेशन ताजं असेल तर करू नका, घरातल्या दुसऱ्या कुणाला करायला सांगा. कमरेच्या हाडाची कड हाताला लागते ना, तिच्या जरा खाली, बाजूला तळवा ठेवा आणि त्याच पायावर उभे राहा. तळव्याखाली काहीतरी दगडासारखं घट्ट होईल. कुल्ल्याच्या बाजूचा हा स्नायू. दुसरा पाय उचलला की त्या बाजूला कंबर खाली पडायला बघते आणि हा तिला ओढून सपाट धरतो. प्रत्येक पावलाला, दिवसातून हजारो वेळा.

त्याला केवढा जोर लावावा लागतो ते पाहण्यासारखं आहे. तराजूची दांडी डोळ्यांपुढे आणा, पण जिचे दोन हात सारखे नाहीत अशी. मध्ये टेकू म्हणून खुब्याचा चेंडू. एका बाजूला, चेंडूपासून साधारण १० सेंटीमीटरवर, अंगाचं वजन. दुसऱ्या बाजूला, जेमतेम ५ सेंटीमीटरवर, हा स्नायू. हात निम्मा, म्हणजे जोर दुप्पट. माणूस ६० किलोचा धरला आणि टेकलेल्या पायाचं वजन सोडलं तर तोलायचे राहतात सुमारे ५० किलो. ते तोलायला स्नायूला १०० किलोंच्या ताकदीने ओढावं लागतं. चेंडूवर दोन्ही मिळून येतात १५० किलो, म्हणजे त्याच्या वजनाच्या अडीच पट.

हिशेब ढोबळ आहे, पण हवेतला नाही. बर्लिनमध्ये जॉर्ज बर्गमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रुग्णांना बसवलेल्या कृत्रिम खुब्यांच्या आतच मोजणारी यंत्रं ठेवली आणि आकडे बिनतारी संदेशाने बाहेर आणले. साध्या चालण्यात चेंडूवर येणारा भार निघाला वजनाच्या २.४ पट, जिना चढताना २.५ पट, उतरताना २.६ पट. आणि ठेच लागून तोल जाताना तो ७ पटींच्याही वर गेला. घरातली पायपुसणी आणि सुट्या वायरी उचलून ठेवा असं हॉस्पिटलातून घरी सोडताना का सांगतात, ते या शेवटच्या आकड्यावरून कळतं.

आता हा १०० किलोंनी ओढणारा स्नायू अशक्त झालेला असेल तर? दोनच वाटा उरतात. एक म्हणजे कंबर पडू द्यायची. चांगला पाय उचलला की त्या बाजूची कंबर खाली घसरते. हे लक्षण जर्मन सर्जन फ्रीडरिश ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९५ मध्ये नोंदवलं आणि आजही डॉक्टरांच्या तोंडी त्याला त्यांचंच नाव आहे. दुसरी वाट जास्त हुशारीची. ऑपरेशनच्या पायावर वजन आलं की सगळं धडच त्या बाजूला झुकवायचं. धड चेंडूच्या वर सरकलं की वजनाचा हात १० सेंटीमीटरवरून ५ वर येतो आणि स्नायूचं काम तिथल्या तिथे निम्मं होतं. चालणारा माणूस बाजूला डुलतो तो त्यामुळे.

म्हणजे लंगडणं ही चूक नसून युक्ती आहे. सांधा दुखत होता तेव्हा या युक्तीने त्यावरचा भार खरोखर कमी होत होता. आता सांधा दुखत नाही, पण स्नायू अशक्त आहे आणि युक्ती अंगवळणी पडली आहे.

काठी कोणत्या हातात

याच गणितातून काठीचं कोडं सुटतं. जवळजवळ प्रत्येक जण काठी पहिल्यांदा धरतो ती दुखऱ्या पायाच्या बाजूला. वाटतं, आधार जिथे हवा तिथे द्यावा. पण काठी धरायची विरुद्ध हातात. उजवा खुबा बदलला असेल तर डाव्या हातात.

कारण पुन्हा अंतराचं. उजव्या चेंडूपासून डावा हात साधारण अर्धा मीटर लांब असतो, म्हणजे स्नायूच्या हातापेक्षा दहापट. तिथे काठीवर फक्त ५ किलोंचा दाब दिला तरी वरच्या हिशेबात स्नायूची ओढ १०० किलोंवरून ५० वर येते. त्याच बाजूला धरली तर हा फायदा हातचा जातो, वर माणूस आणखीच काठीकडे झुकतो आणि डुलणं पक्कं होतं.

इथे एक गोष्ट लक्षात आली असेल. काठीने स्नायूचं काम निम्मं होतं, धड झुकवूनही तेवढंच निम्मं होतं. दोघांचं काम एकच आहे. स्नायूची ताकद भरून येण्याआधी काठी काढून घेतली तर शरीर लगेच तिची जागा लंगडण्याने भरून काढतं, कारण हिशेब कुठून तरी जुळवायलाच हवा. सगळ्या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट, आणि नेमकी तिथेच घाई होते. काठी सुटणं म्हणजे बरं होणं असं आपण धरून चालतो. "महिन्यात काठी सोडली" हे कौतुकाने सांगितलं जातं, कसं चालतात ते कुणी विचारत नाही. आमच्याकडे दाराची घंटा वाजली की आई काठी दारामागे सरकवायची आणि पाहुण्यांपुढून डुलत डुलत आत जायची. फिजिओथेरपिस्ट बाईंनी एकदा ते पाहिलं. म्हणाल्या, "काकू, काठी घेऊन सरळ चाललात तर सरळ चालायची सवय लागेल. काठी न घेता लंगडलात तर लंगडायची. सवय तर लागणारच आहे, कुठली लावायची ते ठरवा."

काठीची उंचीही पाहावी. घरातली नेहमीची पादत्राणं घालून, हात मोकळा सोडून उभं राहिलं की मनगटाची घडी जिथे येते तिथे मूठ हवी. म्हणजे धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं. काठी आणि ऑपरेशनचा पाय एकाच वेळी पुढे टेकायचे. सोडायची तीही एकदम नाही. आधी घरातल्या घरात, सकाळी ताजेतवाने असताना, आरशासमोर. खांदे डुलत नाहीत असं दिसलं की थोडं अंतर वाढवायचं. बाहेर, गर्दीत, आणि संध्याकाळी दमल्यावर ती आणखी काही आठवडे हातात असली तर काही बिघडत नाही.

मागे न जाणारा पाय

बाजूला डुलणं पटकन दिसतं. दुसरा दोष मात्र बराच लपून राहतो.

चालताना पाय पुढे जातो तसा मागेही राहतो. चांगला पाय पुढे टाकत असताना मागच्या पायाची मांडी खुब्यातून १० ते २० अंश मागे गेलेली असते. दुखऱ्या खुब्याची माणसं बसून जास्त असतात, उभी राहिली तरी किंचित वाकून. खुब्याच्या पुढच्या बाजूचे स्नायू आणि सांध्याभोवतीचं आवरण त्यामुळे आखडतं. सांधा बदलला म्हणून हा आखडलेपणा जाईलच असं नाही.

मग होतं काय, की ऑपरेशनचा पाय मागे राहू शकत नाही, म्हणून चांगल्या पायाला पुढे जायला जागाच मिळत नाही. तो ऑपरेशनच्या पायाच्या जेमतेम बरोबरीने टेकतो. पाहणाऱ्याला वाटतं, चांगला पायच आखूड टाकतायत. दोष असतो पलीकडच्या खुब्यात. पाय मागे जात नसेल आणि तरी माणसाने लांब पाऊल टाकायचा हट्ट धरला, तर तेवढी कमान कमरेतून काढली जाते आणि काही आठवड्यांनी कंबर दुखू लागते.

यात पहिल्या दिवसांच्या शिकवणीचाही हात असतो. वॉकर घेऊन चालायला शिकवताना सांगतात: वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय त्याच्या शेजारी आणून ठेवा. त्या दिवसांत ते योग्यच. पण शेजारी आणून ठेवायची ही सवय वॉकर गेल्यावरही टिकते. "आता चांगला पाय शेजारी थांबवू नका, ओलांडून पुढे टाका," हे कुणीतरी स्पष्ट सांगावं लागतं.

आखडलेपणा घालवायला फार काही लागत नाही, वेळ लागतो. बिछान्यावर सपाट पाठीवर झोपणं हीच सुरुवात. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, म्हणून बरेच जण रात्रभर ती तशीच ठेवतात, आणि खुबा रात्रभर वाकलेला राहतो. सर्जनची परवानगी मिळाली की दिवसातून दहा-पंधरा मिनिटं पालथं झोपणं हा फार गुणकारी उपाय. परवानगी मात्र विचारायचीच. ऑपरेशन पुढच्या बाजूने झालं असेल तर पाय मागे ताणणं सुरुवातीला वर्ज्य असू शकतं.

कुठल्या बाजूने झालं

ऑपरेशन कुठल्या बाजूने झालं हे रुग्णाला माहीत असावं, कारण पथ्यं त्यावर ठरतात. बहुतेकांना ते विचारायचं सुचत नाही. मागच्या बाजूने झालं असेल तर खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आतल्या बाजूला वळवायचं नाही. तसं केलं तर चेंडू वाटीतून मागे निसटण्याचा धोका असतो. खालची बैठक, जमिनीवर बसणं, वाकून पायातली वस्तू उचलणं यांवर बंदी असते ती म्हणूनच. पुढच्या बाजूने झालं असेल तर धोका उलट असतो: पाय खूप मागे नेऊन बाहेर वळवला तर. बाजूने झालं असेल तर निसटण्याची भीती त्या मानाने कमी, पण वाट त्या कुल्ल्याच्या बाजूच्या स्नायूतूनच काढलेली असते. त्याचा काही भाग सोडवून पुन्हा शिवलेला असल्यामुळे डुलणं जास्त दिवस राहू शकतं आणि पाय बाजूला उचलण्याचे जोराचे व्यायाम सुरुवातीचे आठवडे टाळायला सांगतात. पथ्यं बहुधा सहा ते बारा आठवड्यांची. काही ठिकाणी अलीकडे ती बरीच सैल केली आहेत, म्हणून शेजाऱ्यांच्या पथ्यांची यादी आपल्याला लावू नये.

पहिल्या दिवसांचं बाकी थोडक्यात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात, आणि हाड मोडलेलं वगैरे नसेल तर बहुतेकांना पूर्ण वजन टाकायची मुभा असते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आणि काठी आधी. वळताना ऑपरेशनच्या पायावर गिरकी घ्यायची नाही, छोटी छोटी पावलं टाकत वळायचं. संध्याकाळी पाय सुजतो, काही आठवडे सुजतच राहतो. आडवं होऊन पाय उंचावर ठेवला की उतरतो.

"एक पाय लांब झालाय"

ही तक्रार इतकी नेहमीची आहे की तिला थोडी जागा द्यायला हवी. ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे बऱ्याच जणांना तो पाय लांब झाल्यासारखा वाटतो. कधी खरंच काही मिलिमीटर लांब झालेला असतो. झिजलेल्या सांध्यात तो आखूड झालेला असतो, सर्जन ती लांबी परत देतो, आणि मेंदूला मात्र आखूड पायाची सवय असते. कधी लांबी सारखीच असते, पण आखडलेल्या स्नायूंनी कंबर तिरकी धरलेली असते, म्हणून एक पाय लांब भासतो. दुसऱ्या प्रकारात स्नायू मोकळे झाले की भास जातो, त्याला काही महिने लागतात.

म्हणून दुसऱ्या पायाच्या चपलेत लगेच उंची भरायची घाई करू नये. तिरकी कंबर मग तिरकीच राहते, कारण तिला सरळ व्हायचं कारणच उरत नाही. तीन-चार महिन्यांनीही फरक जाणवत असेल तर नीट मोजून घ्यावं. सेंटीमीटरभरापर्यंतचा फरक बहुतेकांच्या पचनी पडतो, त्याहून जास्त असेल तर टाचेखाली उंची देण्याचा उपयोग होतो.

चाल पुन्हा शिकताना

ताकद आणि चाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिछान्यावर पाय वीस वेळा उचलणारा माणूस चालताना लंगडू शकतो. ताकद व्यायामाने येते, चाल चालण्याकडे लक्ष देऊन येते.

ताकदीसाठी सुरुवात अगदी साधी असते: घोटे वरखाली, कुल्ले आवळून सोडणं, टाच बिछान्यावरून सरकवत गुडघा वाकवणं. मग स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून उभ्याने पाय बाजूला आणि मागे नेणं, ओट्याच्या कडेने खेकड्यासारखं आडवं चालणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं. खुर्चीतून उठणं-बसणं हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित व्यायाम. तो आपण दिवसभर करतोच, पण चोरून. दोन्ही पायांखाली एकेक वजनकाटा ठेवून उठून पाहिलं की चोरी पकडली जाते. आईच्या चांगल्या पायाखालचा काटा धाडकन पुढे गेला आणि दुसरा निवांत रेंगाळला. तिला स्वतःलाच हसू आलं. "मी तर दोन्हींवर सारखा जोर देत होते की!" ती खोटं बोलत नव्हती. इतक्या वर्षांनी शरीराला तिरकं तेच सरळ वाटतं. म्हणून बाहेरचा साक्षीदार लागतो: काटा, आरसा, मोबाइलवर पुढून आणि मागून काढलेला व्हिडिओ.

आणि कान. पावलांचा आवाज सारख्या अंतराने येतो का, एवढंच ऐकायचं. मनात "एक-दोन, एक-दोन" असं सारखं मोजत चाललं की ऑपरेशनच्या पायावरून लवकर पळ काढता येत नाही. टाच आधी टेकायची, मग तळपायावरून पुढे जायचं, शेवटी चवड्याने जमीन मागे ढकलायची. सगळं एका वेळी जमत नाही. एका फेरीत एकाच गोष्टीकडे लक्ष द्यावं. आज फक्त टाच, उद्या फक्त खांदे. आणि फेरी छोटी. लक्ष देऊन टाकलेली पन्नास पावलं त्या दिवसांत हजार लंगड्या पावलांपेक्षा उपयोगाची. चाल बिघडायला लागली की थांबायचं, मग भले अजून दम असो. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं आदल्या दिवसापेक्षा वाढलेलं असेल तर काल जास्त झालं, आज थोडं कमी करायचं.

स्नायू किती भरून आला हे पाहायला ओट्याजवळ उभं राहून, बोटांनी हलका आधार घेत, ऑपरेशनच्या पायावर एकट्याने उभं राहावं. कंबर सपाट आणि धड सरळ ठेवून अर्धा मिनिट राहता आलं तर काठी सोडायची वेळ जवळ आली. आधी पाच सेकंदही जमत नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. आणि पहिल्यांदा करताना शेजारी कुणीतरी हवं.

वेळापत्रक विचाराल तर ढोबळ असं: वॉकर किंवा कुबड्या दोन ते सहा आठवडे, मग काठी. तीन महिन्यांत रोजची बहुतेक कामं जमू लागतात. ताकद आणि चालीतला सुधार मात्र वर्षभर, कधी त्याहूनही जास्त चालू राहतो. व्यायाम तिसऱ्या महिन्यात बंद पडतात ते दुखणं थांबलेलं असतं म्हणून, आणि चाल तिथेच अडकते. जन्मापासून खुबा निसटलेला होता, किंवा वीस-वीस वर्षं लंगडण्यात गेली, त्यांना जास्त वेळ लागतो, काहींची चाल पुरती सरळ होतही नाही. वर्षभर नेटाने करूनही डुलणं जराही कमी होत नसेल तर स्नायू हाडापासून सुटलाय का, त्याच्या नसेला इजा झालीय का, हे तपासून घ्यावं लागतं. पाऊल वर उचललं न जाता चवडा घासत असेल तर तो सवयीचा भाग नाही, नसेचा आहे. ते लगेच डॉक्टरांना सांगायचं.

लगेच सांगायच्या आणखी काही गोष्टी आहेत. अचानक जोराची कळ येऊन पाय आखूड आणि वळलेला दिसणं, त्यावर उभंच राहता न येणं. पोटरी दुखून, तापून सुजणं. अचानक दम लागणं किंवा छातीत दुखणं, यात तर तासभरही वाट पाहायची नाही. जखमेतून पाणी किंवा पू येणं, ताप. आणि बरं चाललेलं असताना महिन्यांनी किंवा वर्षांनी मांडीत वा जांघेत नव्याने दुखू लागणं.

आईची काठी चौथ्या महिन्यात घरातून सुटली, बाहेर जाताना ती अजून नेते. मागच्या आठवड्यात सकाळी मी वाचत बसलो होतो आणि शेजारच्या खोलीतून पावलं ऐकू आली. टप, टप, टप, टप. ऑपरेशनचा पाय कुठला ते ओळखता येईना. संध्याकाळी पाहुणे येऊन गेले, ती दिवसभराची दमलेली, आणि ओट्यापासून खाटेपर्यंत जाताना पुन्हा टप-टाप. मी मान वर केली तशी तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ऐकलं मी. थांब, काठी घेते."